डाव्या हाताचा गृहपाठ

बेंगळूर, रविवार, २७ ऑगस्ट २०२३

ती. अप्पांस, सिंचनाचा सा. न. वि. वि.

रात्रीची बेंगळूर गाडी आणणाऱ्या रुद्रेशण्णांनी आज सकाळी मॅजेस्टिक स्टँडवर गाडीतून उतरताच डबा आणि तुमचं पत्र हातात ठेवलं. पत्रोडे आपण फक्त दोनच खाल्ले, असं त्यांनी न विचारताच कबूल केलं, म्हणजे चार खाल्ले असणार. लोणच्याच्या बाटलीतून पुन्हा तेल गळलं आहे, हे अम्माला सांगा. तुमच्या पत्राचं शेवटचं पान वाचायला मला ते दिव्यासमोर धरावं लागलं.

तुम्ही विचारलंत की ही कसली शाळा, जिला इमारत नाही, घंटा नाही, मास्तर साता समुद्रांपलीकडे. आधी एक सांगते, हिशेब तपासणीची नोकरी सोडलेली नाही, तेव्हा अम्माने नवस बोलू नये. रविवारी सकाळी दहा वाजता मी माझ्याच खोलीत संगणकासमोर बसते. आम्ही नऊ जण. शिकवणारे डॅनिलो सर फिलिपिन्समधल्या आपल्या घरून शिकवतात आणि त्यांच्या खिडकीबाहेरचा कोंबडा मधूनमधून आपलंही मत देतो. ॲनिमेशन म्हणजे चित्रं काढणं असं तुम्हाला वाटतं, पण आमच्याकडे संगणकात एक तयार बाहुली असते. तिचे सांधे धरून तिला एकेका ठेवणीत उभं करायचं. अशा चोवीस ठेवणी झाल्या की एक सेकंद होतो. माझ्या बाहुलीला केस नाहीत, कपडे नाहीत, चेहराही नाही. मी तिचं नाव गुंडण्णा ठेवलं आहे.

पहिले पाच आठवडे आम्ही नुसते चेंडू उडवले. हसू नका. रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा डोळ्यांना वेगळे वाटले पाहिजेत, आणि ते जमायला माझा जीव गेला. माझा लोखंडी गोळा पहिल्यांदा असा अलगद उतरला की सरांनी विचारलं, हा गोळा उपाशी आहे का.

आता चाल आली आहे. ती जमली तर पुढच्या वर्गात घेतात, नाही तर पुन्हा तेच. सर म्हणतात, मनाने चालवू नका, खरा माणूस बघून चालवा, ज्याची चाल तुम्ही लांबून ओळखता असा. मला एकच माणूस सुचला. तुम्ही वळणावर दिसलात की अम्मा तिथूनच चाल ओळखून रोटी तव्यावर टाकते. तुमच्या गाडीचे कंडक्टर वामन शेट्टी यांना सांगून डेपोच्या आवारात वीस पावलांचा व्हिडिओ काढून पाठवाल का? बाजूने काढायचा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. चालताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही.

अम्माला नमस्कार. तुमची माया अशीच घाटावरून इकडे येत राहो.

तुमची,
सिंचना

•

उजिरे स्टँड, ४ सप्टेंबर

चि. सिंचनाला अप्पांचे अ. उ. आ.

पुट्टी, पत्र पोचलं. गाडी इथे चाळीस मिनिटं थांबते, तेवढ्यात लिहितो. शेट्टी शेजारी बसून नीर दोसा खातो आहे आणि तुला काय लिहितोय ते वाकून बघतो आहे.

चेंडू उडवायला पाच आठवडे लागले हे वाचून मला बरं वाटलं. मला वाटायचं, गाडी शिकवताना माझा उस्ताद महिनाभर नुसती काच पुसायला लावायचा तो माझ्याशी वैर म्हणून. सगळ्या विद्यांचे मास्तर एकाच मातीचे दिसतात. तुझ्या सरांच्या कोंबड्याला माझा राम राम सांग.

चालण्याचा तमाशा काल झाला. शेट्टीने अख्ख्या डेपोला सांगून ठेवलं होतं की गौडांना सिनेमात घेतलंय. मेकॅनिक, झाडूवाली, दोन शिकाऊ पोरं, सगळे भिंतीला टेकून उभे. एवढे लोक बघत असले की आपले पाय आपले राहत नाहीत. पहिल्यांदा मी लग्नातल्या व्याह्यासारखा चाललो. दुसऱ्यांदा शेट्टी म्हणाला, घरी जाताना चालता तसं चाला. तेव्हा जमलं. तोच पाठवला आहे. आपल्या बणकलात रेंज नाही म्हणून शेट्टीने तो आज इथे उजिऱ्याला येऊन पाठवला, तेव्हा उशीर झाला असेल तर शिव्या त्याला.

चार्माडी घाट सध्या बरा आहे. सातव्या वळणाशी दरड आली होती, ती काढली. आठवड्याला सहा फेऱ्या, रोज पन्नास-साठ माणसं. उजिऱ्याच्या कॉलेजच्या पोरी पुढच्या बाकावर बसतात आणि गाणी लावा म्हणून मागे लागतात. निवृत्तीला दोन वर्षं आणि सात महिने राहिले माझे. अपघाताचा एकही डाग न लावता गाडी सोडली की मग तुझी आई म्हणेल त्या देवाला जायला मोकळा.

गुंडण्णाला कपडे घाल. माझ्या चालीने चालायचं तर निदान खाकी शर्ट तरी हवा.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचं सगळं लक्ष तिकडेच असतं.

तुझे,
अप्पा

•

बेंगळूर, १७ सप्टेंबर

ती. अप्पांस, सा. न. वि. वि.

व्हिडिओ मिळाला. मी तो इतक्या वेळा बघितला आहे की तुमच्या उजव्या चपलेचा अंगठा शिवलेला आहे हेही मला आता ठाऊक झालं. नवीन घ्या.

दोन आठवडे ऑफिसमधून आले की मी एकेक चित्र थांबवून तुम्हाला बघत होते. टाच कधी टेकते, कंबर कुठल्या बाजूला झुकते, मान कधी हलते. आपल्या माणसाकडे आपण असं कधी बघतच नाही. तुम्ही उजवा पाय टाकताना किंचित जोर देता, ब्रेकवर देता तसा. हे मला पंचवीस वर्षांत दिसलं नव्हतं.

आज गुंडण्णाची चाल वर्गात दाखवली. सर संगणकावरच लाल रेघांनी चुका दाखवतात. त्यांनी पाय बरे म्हटले, कंबर बरी म्हटली, आणि मग डाव्या हाताभोवती मोठं लाल वर्तुळ काढलं. म्हणाले, उजवा हात छान झुलतोय, पण डावा हलवायला तू विसरलीस. सगळे नवशिके विसरतात. मला राग आला. मी काही विसरले नव्हते. मी म्हटलं, माझ्या वडिलांचा हात असाच आहे, मी हुबेहूब उचललाय. आणि तुमचा व्हिडिओ लावून दाखवला. मग सरांनी तो आणखी दोनदा लावला आणि पुढच्या मुलाकडे वळले.

अप्पा, तेव्हा तुमच्या डाव्या हातात काही होतं का? किल्ल्या, बिड्यांचं बंडल, काही? मला तर मूठ रिकामी दिसते. कोपरात थोडा वाकलेला हात अंगाला धरल्यासारखा राहतो, वीसच्या वीस पावलं. कुठे लागलंय का? खांदा दुखतो का? सहज विचारते आहे, पण उत्तर सहज देऊ नका.

गणपतीला येता येणार नाही, ऑफिसात सुट्टी नाही. अम्माने कडुबू केले तर रुद्रेशण्णांच्या नजरेआड बांधून पाठवा.

लोभ आहे तो वाढवत राहा.

तुमची,
सिंचना

•

बणकल, २५ सप्टेंबर

चि. सिंचनाला अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. तीस वर्षं या डाव्या हाताने गियर टाकले. दिवसाला हजार म्हण, तर किती झाले ते तूच कर, तू हिशेबवाली. त्या हाताला ड्युटी संपल्यावर थोडं निवांत राहावंसं वाटलं तर त्यात तुझ्या सरांचं काय जातं? उजवा हात नुसता स्टिअरिंग धरून बसतो, म्हणून त्याला झुलायची हौस.

खांदा दुखत नाही. कुठे लागलेलं नाही. थोडा जड वाटतो, तो वयाचा. सत्तावन्न झाले मला.

तुझ्या परीक्षेचं मात्र नुकसान नको. एक युक्ती सांगतो. गुंडण्णाच्या डाव्या हातात पिशवी दे. पिशवी धरलेला हात कुणाचाच झुलत नाही, आणि सरही गप्प बसतील. आमच्याकडे गाडीचा पत्रा चेपला की त्यावर जाहिरातीचा कागद चिकटवतात, तसंच.

अम्मा बरी आहे. कडुबू पाठवले आहेत, सोळा. मोजून घे.

आमच्याकडची काळजी करू नये. आशीर्वाद आहेतच.

तुझे,
अप्पा

•

बेंगळूर, ८ ऑक्टोबर

ती. अप्पांस, सा. न. वि. वि.

कडुबू तेरा पोचले. पण आज मला चेष्टा सुचत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

मी गुंडण्णाच्या हातात पिशवी दिली. सरांनी ती बघितली आणि विचारलं की पिशवीत काय आहे. मी म्हटलं, भाजी. ते म्हणाले, मग तिचं ओझं कुठे आहे, खांदा खाली का येत नाही. ही पिशवी भाजीची नाही, काहीतरी झाकायची आहे.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नव्हतं ते लिहिते. त्या दिवशी वर्ग संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं होतं. त्यांनी मला सांगितलं की मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं माणसांच्या चाली बघण्यात घालवली आहेत, आणि एकच हात असा थांबलेला असेल तर तू वडिलांना डॉक्टरकडे ने. मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला हलकं करून लिहिलं, आणि तुम्हीही हलकं करूनच उत्तर दिलंत. आपण दोघं एकमेकांना चांगलं ओळखतो.

मग मी शोधाशोध केली. दिनेशदादाच्या लग्नाचा पाच वर्षांपूर्वीचा व्हिडिओ काढला. त्यात तुम्ही वरातीपुढे चालत आहात. दोन्ही हात झुलतात, डावा तर उजव्यापेक्षा जास्त. म्हणजे हे तुमचं जन्माचं नाही आणि तीस वर्षांच्या गियरचंही नाही. हे अलीकडे आलं आहे.

आणखी एक. तुमची सगळी पत्रं मी जपून ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात एका पानावर तुमच्या अठरा ओळी आहेत. गेल्या पत्रात एकतीस आहेत. पानाच्या वर अक्षर जरा मोठं, खाली मुंगीएवढं. मला वाटायचं तुम्ही कागद वाचवता. तुम्ही उजव्या हाताने लिहिता, अप्पा. म्हणजे गोष्ट एका हातापुरतीही राहिलेली नाही.

मला तुम्हाला घाबरवायचं नाही. पण ज्या हाताने तुम्ही गियर टाकता तो हात मी चोवीस-चोवीस चित्रांत बघितला आहे आणि तो वेळेवर येत नाही. तुमच्या मागे पन्नास-साठ माणसं बसतात. तुम्ही मला लहानपणी सांगायचात की गाडीत बसलेला प्रत्येक माणूस झोपू शकला पाहिजे, फक्त ड्रायव्हरने जागं राहायचं. मंगळूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत घाटात गाडी चालवू नका. एवढंच मागते. रागावलात तरी चालेल.

तुमची,
सिंचना

•

बणकल, १९ ऑक्टोबर

चि. सिंचना हिस अम्माचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. मी जे काय सांगायचं ते डब्यात भरते. पण हे डब्यात मावणार नाही.

तुझं पत्र त्यांनी डेपोत वाचलं. घरी आले ते जेवले नाहीत. चार दिवस माझ्याशी फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलले. पाचव्या दिवशी म्हणाले की पोरीने मला शिकायला म्हणून मागितलं आणि माझीच झडती घेतली. मी ताट उचललं आणि आत गेले. एरवी मी गप्प बसत नाही हे तुला ठाऊक आहे.

मगळे, पोरी, मला हे वर्षभर माहीत आहे. सकाळी शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायला लागला. आधी मला वाटलं काजं घट्ट झाली आहेत, म्हणून मी ती कात्रीने सैल केली. मग एक दिवस ते पाठमोरे उभे राहून एका बटणाशी झटत होते, आणि मी दारातून बघितलं, आणि मागे फिरले. त्यांना कळू नये म्हणून. त्यानंतर मी शर्ट आधीच बटणं लावून ठेवते, वरची दोन सोडून, म्हणजे नुसता डोक्यातून घालता येतो. आम्ही दोघं यावर एक शब्दही बोललो नाही. तू पत्रात लिहून टाकलंस. मी प्रेम केलं म्हणून झाकलं आणि तू प्रेम केलं म्हणून उघडं केलंस. माझंच चुकलं, असं मला आता वाटतं.

गुरुवारच्या संतेच्या बाजारात शेट्टी भेटला. त्याने भाजीचा भाव विचारता विचारता सांगितलं की गेल्या महिन्यात सातव्या वळणावर गियर पडायला क्षणभर उशीर झाला आणि गाडी हातभर मागे सरकली. पोरी किंचाळल्या. अप्पांनी लगेच ब्रेक दाबला आणि गाडी सावरली, पण त्या संध्याकाळी डेपोत त्यांनी चहाही घेतला नाही. शेट्टीने कुणाला सांगितलेलं नाही. मलाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याचे डोळे भरले.

सोमवारी डेपोत गाड्यांची आयुधपूजा. अकरा वर्षं डेपोतली पहिली गाडी चाकांखाली ठेवलेल्या लिंबांवरून तेच नेतात. यंदाही त्यांनी स्वतः जाऊन झेंडूची फुलं सांगून ठेवली आहेत. ते काय करतील ते मला माहीत नाही. तू आता त्यांना आणखी काही लिहू नकोस. लिहायचं ते लिहून झालं आहे, आता त्यांचं त्यांना झेपू दे.

डब्यात अक्की रोटी आणि चटणी आहे. आमच्यावर जीव आहे तसा असू दे.

अम्मा

•

बणकल, २९ ऑक्टोबर

चि. सिंचनाला अप्पांचे अ. उ. आ.

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. अक्षर मोठं काढायचा प्रयत्न करतो आहे. ओळी मोजू नकोस.

तुझ्यावर मी फार रागावलो होतो, ते आधी सांगतो. राग यासाठी की तू खोटं काही लिहिलं नव्हतंस. हात जड झाला हे मला दीड वर्षापासून कळत होतं. मी मनाशी हिशेब करत होतो की अजून दोन वर्षं सात महिने, मग दोन वर्षं सहा महिने. घाट चढताना मी गियरच्या आधीच हाताला सांगून ठेवायचो, वळण येतंय, तयार राहा. बहुतेक वेळा तो ऐकायचा. त्या सातव्या वळणावर नाही ऐकलं. शेट्टीने ते अम्माला सांगितलं हे मला त्याच्या तोंडावरूनच समजलं, आणि तिने तुला लिहिलंच असेल.

आयुधपूजेला पहाटे गाडी धुतली. दोन्ही बाजूंना केळीचे खांब बांधले, समोर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. भोपळा फोडला. मॅनेजर साहेब नेहमीसारखे म्हणाले की गौडा, चला. मी सीटवर बसलो. आरशातून मागे बघितलं तर गाडी रिकामी, नुसती हळदकुंकू लावलेली बाकं. सवयीने मी माणसं मोजायला लागलो. आणि माझ्याच्याने किल्ली फिरवेना.

खाली उतरलो आणि किल्ली साहेबांच्या हातात ठेवली. सगळे बघत होते, पण तुझ्या व्हिडिओच्या वेळेसारखे पाय परके झाले नाहीत. मी म्हटलं, “साहेब, माझा डावा हात वेळेवर येत नाही. डॉक्टर सांगेपर्यंत मला घाटात पाठवू नका.” साहेबांनी ती लोकेशला दिली. परवाच रुजू झालेला मुलगा आहे. त्याने लिंबांवरून गाडी नेली. जरा झटका दिला, पण शिकेल.

गुरुवारी मंगळूरला गेलो. अम्मा सोबत. डॉक्टर तरुण होता. त्याने मला खोलीत चालायला लावलं, बोटं चिमटीत आपटायला लावली, पाटीवर गोलगोल काढायला लावलं. मग म्हणाला की हा कंपवात आहे. मी म्हटलं माझा हात कापत नाही, मग कंपवात कसा. तो म्हणाला की काहींचा कापतो, काहींचा नुसता थांबतो. हा रोग परत फिरत नाही, पण गोळ्यांनी आणि व्यायामाने त्याला हळू चालवता येतं. पहिल्या गियरमध्ये, असं मी म्हटलं. त्याला गाडी येत असावी, तो हसला.

मग त्याने विचारलं, एवढ्या लवकर लक्षात कुणाच्या आलं? बहुतेक लोक आणखी दोन-तीन वर्षांनी येतात. मी सांगितलं, माझी मुलगी कार्टून शिकते. अम्मा तिथेच रडायला लागली. डॉक्टरला काही कळेना.

गाडी आता चालवायची नाही. डेपोत नोंदीचं काम देऊ म्हणतात साहेब. अपघाताचा डाग न लावता गाडी सोडायची होती, ती सोडली. थोडी आधी, एवढंच. पण परवा संध्याकाळी लोकेश गाडी घेऊन घाटात गेला तेव्हा मी स्टँडवर उभा होतो आणि माझा डावा पाय क्लच दाबत होता. ते मला सहन झालं नाही. घरी येऊन रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं, तू थांबवून थांबवून बघणार.

डॉक्टरने रोज चालायला सांगितलं आहे, हात मुद्दाम झुलवत. मला ते जमत नाही. हाताचा विचार केला की पाय विसरतो. तुझ्या सरांनी काही युक्ती सांगितली असेल तर कळव. पिशवीची नको.

तुझे,
अप्पा

•

बेंगळूर, १२ नोव्हेंबर, दीपावली

ती. अप्पांस, सिंचनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. वाचून तिथेच बसले. एक ओळखीची बाई येऊन विचारून गेली की काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, नाही, माझे वडील फार शूर आहेत. तिला काय समजलं कोण जाणे.

मला पुढच्या वर्गात घेतलं नाही. सर म्हणाले की तू वडिलांचं चालणं उतरवलंस, पण चालणं समजून घेतलं नाहीस, तेव्हा आणखी एक महिना चालच कर. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. म्हणजे आता आपण दोघंही एकाच इयत्तेत नापास.

आता युक्ती. सरांनी शिकवलेलं तुमच्यासाठी लिहिते. हात मनगटातून हलवायला जाऊ नका, हात खांद्यातून निघतो आणि बोटं सगळ्यांत शेवटी पोचतात. तेव्हा खांद्याला सांगा, बोटांना नव्हे. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे, पण सारखं हे म्हणत बसलात तर गोंधळ होईल. त्याऐवजी ताल धरा, एक-दोन, एक-दोन, मोठ्याने म्हटलं तरी चालेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जितकं हवं वाटतं त्याच्या दुप्पट करा. आमच्याकडे नवशिक्याला नेहमी वाटतं की आपण फार मोठं केलं, आणि पडद्यावर बघितलं तर ते जेमतेम दिसतं. तुम्हाला जेव्हा वाटेल की मी लोकांसमोर कवायत करतोय, तेव्हा बघणाऱ्याला तुम्ही फक्त चालताना दिसाल. हे डॉक्टरांनाही विचारा, मगच करा.

मी पुढच्या शनिवारी येते आहे. दोन दिवस राहीन. तोपर्यंत अम्माला शर्टाची बटणं आधीच लावून ठेवू नको म्हणावं. तुम्हाला वेळ लागला तर लागू दे, आता कुठली गाडी चुकते आहे?

दोघांची माया माझ्यावर अखंड असू द्यावी.

तुमची,
सिंचना

•

बणकल, ३ डिसेंबर

चि. सिंचना मास्तरणीस, अप्पांचे आशीर्वाद आणि विद्यार्थ्याचा नमस्कार.

तू गेल्यापासून रोज सकाळी डेपोच्या आवारात चाळीस पावलं जातो आणि चाळीस येतो. डॉक्टरला तुझी युक्ती दाखवली. तो म्हणाला की आम्हीही हेच सांगतो, मोठं करा. पहिले चार दिवस झाडूवाली तोंडाला पदर लावून हसत होती. पाचव्या दिवशी तिने झाडू ठेवला आणि माझ्याबरोबर एक-दोन म्हणायला लागली. आता दोन मेकॅनिकही म्हणतात. लोकेश गाडी काढायच्या आधी थांबून बघतो. त्याला मी सातव्या वळणाचं सगळं सांगितलं आहे, कुठे पाय हलका करायचा, कुठे हॉर्न द्यायचा. तो ऐकतो.

बटणं मीच लावतो. सकाळी अकरा मिनिटं लागतात. अम्मा तेवढा वेळ अंगणात जाऊन उगाच कोंबड्यांशी बोलते.

शेट्टीबरोबर आज व्हिडिओ पाठवला आहे. हा माझा पहिला गृहपाठ. तू सांगितलंस तसाच काढला आहे, बाजूने, डोक्यापासून पायापर्यंत, आणि कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही. चाळीस पावलांपैकी डावा हात एकतीस पावलं आला. मग शेट्टीचा फोन वाजला आणि हात विसरला. मी पुन्हा काढला नाही. जसं झालं तसं पाठवतो आहे.

बाप आहे म्हणून छान म्हणू नकोस. तुझ्या सरांनी तेव्हा छान म्हटलं असतं तर मी अजून घाटात असतो, आणि मागे त्या पोरी. एकेक चित्र थांबव, चुकलं तिथे लाल वर्तुळ काढ, आणि पुढचा गृहपाठ लवकर पाठव. माझा हात रोज थोडं विसरतो, तेव्हा त्याला रोज थोडं जास्त शिकवायला हवं.

तुझा,
अप्पा